गिटारचे महागडे ट्यूब अॅम्प कुणाकडे आहेत? वय सांगा, आणि कसा वाजवता तेही

कटनॉब:

माझं वय ६१. माझ्याकडे हाताने वायरिंग केलेला ३० वॅटचा कॉम्बो आहे, म्हणजे अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. चार ईएल८४ ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), दोन बारा इंची स्पीकर, जुन्या व्हॉक्स एसी३० अॅम्पच्या वळणाचा. घेऊन १९ वर्षं झाली. वजन ३३ किलो. पूर्वी एकटा उचलून गाडीत ठेवायचो, आता या खोलीतून त्या खोलीत न्यायलाही मुलगी लागते.

तिच्यामुळेच हे विचारतोय. ती २४ वर्षांची आहे, माझ्याहून चांगली वाजवते, पण मॉडेलर (अॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) आणि हेडफोनवर. मागच्या आठवड्यात म्हटलं, आज हा लावून बघ. तिने गिटार जोडली, अॅम्पसमोर जमिनीवर बसली, एक कॉर्ड वाजवली आणि लगेच तारांवर तळहात ठेवला. "बाबा, हे टोचतंय. तुम्ही रोज असं ऐकता?"

मी रोज असंच ऐकतो. ट्रेबलचा, म्हणजे वरच्या स्वरांचा नॉब घड्याळातल्या तीनवर, कटचा पूर्ण बंद. (या अॅम्पवर कट वाढवला की तिखटपणा कमी होतो.) मला तो आवाज मोकळा वाटतो. तिने कट निम्म्यावर नेला, तर मला वाटलं कुणी स्पीकरवर गोधडी टाकली.

पंचविशीत सहा-सात वर्षं मी १०० वॅटच्या हेडपुढे (स्पीकर वेगळ्या पेटीत असलेला अॅम्प), कानात काही न घालता वाजवलंय. गेल्या वर्षी कान तपासले, तर आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसला. मग इतकी वर्षं ज्याला मी माझा टोन म्हणतोय, तो हा खड्डा भरून काढण्यासाठी लावलेला होता का? आठवडाभर हे डोक्यातून जात नाहीये.

तर सांगा, तुमचं वय काय, अॅम्प कधी घेतला, किती आवाजात वाजवता? आणि तरुण मंडळी, तुम्हाला हे अॅम्प खरंच हवेत का? मुलीला द्यायचं मनात आहे, पण तिच्या गळ्यात मारायचा नाहीये.

सोल्डर_४७:

दुरुस्ती करतो, वय ४७. माझ्या टेबलावर दोन्ही पिढ्यांचे अॅम्प येतात.

आधी तुमच्या कानाबद्दल. गिटारचा बारा इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. वयामुळे आधी जाते ती त्याच्याही वरची पट्टी, तिने गिटारला फार फरक पडत नाही. पण मोठ्या आवाजाने पडणारा खड्डा ४०००च्या आसपास असतो, आणि गिटार टोचते ती नेमकी तिथेच. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

तरी निष्कर्ष काढायची घाई करू नका. मुलगी जमिनीवर बसली होती म्हणता. तुम्ही उभे राहून वाजवता का? बारा इंची स्पीकर वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. अॅम्प जमिनीवर असेल तर तो झोत तुमच्या गुडघ्यांवर जातो, तिच्या थेट कानात गेला. अॅम्प खुर्चीवर ठेवा, दोघं एकाच जागी आळीपाळीने बसा, मग बघा.

मालकांबद्दल: पन्नाशी-साठीतले लोक अॅम्पला नवीन भोक पाडू देत नाहीत. इफेक्ट्स लूप (इफेक्टची यंत्रं मध्ये जोडायची सोय) नको, लाइन आउट (आवाज थेट दुसऱ्या यंत्राला द्यायची सोय) नको, आतला कपॅसिटर बदलला तर जुना पिशवीत घालून परत मागतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली आणि सारातोव्हच्या कारखान्यातल्या ट्यूब येतात की नाही अशी भीती पसरली, तेव्हा त्यांनी दोन-दोन संच घेऊन ठेवले. तिशीच्या आतले लोक १२ ते २० वॅटचे अॅम्प आणतात आणि पहिला प्रश्न विचारतात, रात्री कसा वाजवू? वॅट कमी केले की आवाज निम्मा होईल असं दोघांनाही वाटतं. १०० चे ५० केले तर फक्त ३ डेसिबल उतरतात. आवाज निम्मा भासायला शक्ती साधारण दहाव्या हिश्शावर आणावी लागते.

सहावी_तार:

वय २६, दोन ६व्ही६ ट्यूबवाला छोटा कॉम्बो आहे, १२ वॅट. काका, हवेत की नाही असं विचारू नका. वाजवायला जागा कुठे आहे ते विचारा. माझ्या तिन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे माणसं राहतात.

मीही मॉडेलरवर शिकले. हेडफोनमध्ये आपण ऐकतो तो स्पीकरसमोर लावलेल्या माइकचा आवाज असतो, रेकॉर्डमध्ये असतो तसा. माझ्या कानाला गिटार म्हणजे तोच आवाज होता. पहिल्यांदा खऱ्या अॅम्पपुढे उभी राहिले तेव्हा मला तो चुकीचा वाटला. खोलीचा घुमारा मध्ये येत होता, पोटात धक्का बसत होता, आणि मी एक पाऊल सरकले की टोन बदलत होता. तुमच्या मुलीचंही तेच झालं असेल. मला सवय व्हायला दोन महिने लागले.

मग एके दिवशी गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला आणि फाटलेला आवाज हळूहळू स्वच्छ झाला. जोरात छेडलं की परत फाटला. मॉडेलरही हे करतो, पण त्याच्यावर मी कधी गिटारच्या नॉबला हातच लावला नव्हता, कारण स्क्रीनवर दुसरा प्रीसेट (आधीच लावून ठेवलेला आवाज) होता. या अॅम्पने मला हात वापरायला शिकवलं. आता स्पीकरच्या जागी रिअॅक्टिव्ह लोड (स्पीकरसारखा भार देणारी पेटी) लावून रात्री हेडफोनवर तोच अॅम्प वाजवते. (लोड किंवा स्पीकर न जोडता ट्यूब अॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

एक सांगते, मनाला लागलेलं आहे. "पूर्ण आवाजात ऐकलं नाहीस तोवर तुला कळणार नाही" असं मोठ्यांनी मला कितीदा तरी ऐकवलंय. मला पूर्ण आवाजात ऐकायला कुणी बोलावलं मात्र नाही. तुम्ही मुलीच्या हातात गिटार दिलीत, हेच मला फार आवडलं.

मंद्र:

माझं वय ७२. तुम्ही सगळे ट्यूबला महागडी, खास म्हणता ते वाचून नवल वाटतं. मी सुरुवात केली तेव्हा ट्रान्झिस्टरला भविष्य म्हणायचे, आणि ट्यूबचा अॅम्प म्हणजे आधीच्या माणसाने वापरून झालेला अॅम्प. मला तो खास म्हणून मिळाला नव्हता, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. हाताने बांधलेल्या अॅम्पची हौस पुढे आली. सोल्डानोचा एसएलओ-१०० १९८७ चा, मॅचलेस कंपनी १९८९ मधली. ती हौस तुमच्या वयाच्या लोकांनी, कटनॉब, हातात पैसा आल्यावर पुरी केली. सहावी_तारसारखी मुलं तर सगळे पर्याय समोर असताना मुद्दाम ट्यूब निवडतात. मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं.

मी स्वतः फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब अॅम्प सोडला. तो २९ किलोचा. २०१९ मध्ये त्याचीच ट्यूबशिवायची, १५ किलोची आवृत्ती निघाली, ती घेतली. पाठीने निर्णय घेतला आणि मला दुःख नाही. दुःख कानांचं आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. हे मला विशीत कुणी सांगितलं नाही. मुलीला अॅम्प द्याल तर कानात घालायचे प्लगही द्या.

कटनॉब:

सोल्डर, तुम्ही म्हणालात तसं केलं. अॅम्प खुर्चीवर, मुलगी समोर, मग त्याच जागी मी. होय, इतकी वर्षं उभ्यानेच वाजवत होतो. कानाच्या उंचीवर माझीच सेटिंग मलाही टोचली! ट्रेबल तीनवरून साडेबारावर आला. त्याच्या खाली मला पुन्हा गोधडी, तिला मात्र अजून थोडं कमी हवं होतं. तो उरलेला फरक माझ्या कानांचा, हे आता मान्य केलं.

ट्रेबलच्या नॉबपाशी, तिला हव्या त्या जागेवर तिने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. दुसरं कुणी ऐकणार असेल तेव्हा मी नॉब तिथेच ठेवणार. अॅम्प तिच्या खोलीत गेला. नेताना तिने विचारलं, याला लाइन आउट बसवता येईल का? मी १९ वर्षं एक स्क्रू बदलू दिला नव्हता. हो म्हणालो.

सहावी_तार, तुझं उत्तर तिला वाचून दाखवलं. दोन महिने थांबते म्हणाली.

सोल्डर, एक शेवटचं. एक ईएल८४ बाकीच्यांपेक्षा मंद दिसतेय. एकच बदलू की चारही?

सोल्डर_४७:

चारही, जुळवलेला संच घ्या. कॅथोड बायस (ट्यूबमधला प्रवाह आपोआप सांभाळणारी रचना) असल्यामुळे त्या वळणाच्या अॅम्पला बायस लावत बसावं लागत नाही. जुन्या तीन टाकू नका, मोजून घेऊ. आणि मागची पाटी स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात. लाइन आउटसाठी आणाल तेव्हा मुलीलाही घेऊन या, आतलं दाखवतो.