मदत हवी आहे: गुथुकमधला मिठाचा गोळा फुटतो

तिबेटी बाराव्या महिन्याच्या २९ तारखेला, लोसरच्या (तिबेटी नववर्षाच्या) तोंडावर, नऊ जिन्नसांचं गुथुक नावाचं सूप करतात. त्यातले कणकेचे शिंपल्यासारखे छोटे तुकडे नीट शिजतात. अडचण भाकिताच्या मोठ्या गोळ्यांची; गोळ्यात लपवलेल्या वस्तूवरून तो ज्याला मिळेल त्याचा स्वभाव सांगतात. कोळसा (काळ्या मनाचा), लोकर (मायाळू), मिरची (बडबड्या) हे टिकतात. मीठ (आळशी) मात्र ओल ओढतं, कणीक आतून सैल होते, गोळा फुटतो आणि अख्खं पातेलं खारट. वस्तूंऐवजी चिठ्ठ्या घालता येतात, पण ती पळवाटच.

खडेमीठ आणि जाड पारी चालेल का? की हे गोळे वेगळ्या पाण्यात उकळून वाढताना वाटीत सोडावेत?

शिवाय, वाटीतलं उरलेलं सूप पिठाच्या बाहुलीसोबत तिठ्यावर टाकतात, त्यात फोडलेला गोळाही घालतात का?