रोझ क्वार्ट्झची माळ मावशीसाठी घ्यायची आहे, सल्ला हवा

सायली_प:
काका जाऊन आठ महिने झाले. मावशीला अजून रात्र रात्र झोप नाही. तिच्या मैत्रिणीने रोझ क्वार्ट्झची माळ सुचवली, मावशीच्या ते मनात भरलंय, म्हणून मीच घेऊन देणार आहे. एका दुकानात 600, शेजारच्यात 2,800 सांगितले, दोन्ही 108 मण्यांच्याच. खरी कशी ओळखू? आणि आपल्या परंपरेत याला काही आधार आहे का?

दगडवेडा:
ताई, ही आपली गारगोटीच, फक्त गुलाबी. पण दुकानदार 'सह्याद्रीतला दगड' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट सापडतात, अकीक सापडतो, जांभळा अ‍ॅमेथिस्टही सापडतो. रोझ क्वार्ट्झला पेग्मटाइट लागतो, म्हणजे खोलवरचा शिलारस थिजत आला की शेवटी उरलेल्या पाणीदार रसातून बनलेला भरड खडक. ब्राझीलचं मिनास जेराइस आणि मादागास्कर ही त्याची मोठी ठिकाणं. अमेरिकेतल्या साउथ डकोटाने तर 1966 मध्ये त्याला राज्याचं खनिज ठरवलं.

रंग कुठून येतो ते मला फार आवडतं. दगडाच्या आत केसाहूनही कितीतरी बारीक तंतू असतात, ड्युमोर्टिएराइटसारख्या खनिजाचे. गुलाबी छटा त्यांची, आणि दुधाळ धूसरपणाही त्यांचाच. हे तंतू ठरावीक दिशांनी रचलेले असले आणि मणी नीट घडवला, तर एका दिव्याखाली त्यात सहा किरणांचा तारा दिसतो. असा एक मणी मी तासभर फिरवत बसलो होतो.

आता पारख. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर ती काच. भेगांत आणि भोकाच्या कडेला रंग गडद साचलेला दिसला तर मणी रंगवलेला. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून पाहा, कापूस गुलाबी झाला तर माळ परत करा. खरा मणी ओठाला काचेपेक्षा गार लागतो. सगळे मणी हुबेहूब एका छटेचे असतील तर मी तरी घेणार नाही.

जपमाळ_रोज:
परंपरेबद्दल मी सांगते. जपाला स्फटिक, रुद्राक्ष, तुळस चालत आलीय. गुलाबी गारगोटी नवरत्नांतही नाही. पूर्णानंदांच्या 1577 च्या 'षट्चक्रनिरूपणा'त हृदयातलं अनाहत चक्र 12 पाकळ्यांचं, क ते ठ अक्षरांचं, बंधूक म्हणजे दुपारीच्या फुलासारखं लाल सांगितलंय. या दगडाचा उल्लेख त्यात नाही. त्याला हृदयचक्राशी जोडलं ते पाश्चात्त्य लोकांनी, गेल्या शतकात. तरीही माळ घ्याच. आई गेली तेव्हा मला मंत्रही आठवत नव्हता, नुसते मणी ओढत बसायचे. बोटांना काम मिळालं की श्वास संथ होतो, हे मी अनुभवलंय. दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळ घ्या, तुटली तरी मणी घरभर विखुरत नाहीत. आणि झोपेचं मात्र डॉक्टरांना दाखवाच, आठ महिने फार झाले.

सायली_प:
मनापासून आभार दोघांचे. 2,800 वालीच्या भेगांत रंग साचलेला निघाला! 600 वाली फिकट आहे, पण कापूस पांढराच राहिला. तीच घेतली. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळालीय.

दगडवेडा:
छान झालं. एक करा, नदीतल्या दोन पांढऱ्या गारगोट्या घ्या, मिट्ट अंधारात एकमेकींवर जोरात घासा. आतून फिकट उजेड येतो आणि जळका वास सुटतो. मणी नका घासू, चरे पडतील.

सायली_प:
काल रात्री दिवा मालवून केलं. मावशी म्हणाली, लहानपणी कृष्णेच्या घाटावर आम्ही हेच करायचो. मग माझ्या हातातून गारगोट्या घेतल्या आणि स्वतःच घासत बसली, बराच वेळ.