२०७ नंबरच्या खोलीतलं कपाट: शुक्रवार १३ जूनच्या आत

प्रेषक: माई (मराठी शाळा)
रविवार, १ जून २०२५, रात्री ९.४०

मंडळी,

आज वर्ग सुटल्यावर पॅरिश शाळेच्या (आपल्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते त्या चर्चच्या कॅथलिक शाळेच्या) प्रिन्सिपल बाईंनी हातात चिठ्ठी दिली. सोमवार १६ तारखेपासून वरच्या मजल्यावर फरशीला वॅक्स करायचं काम सुरू होतंय. शाळेचं फर्निचर खाली जिममध्ये जाणार आणि बाहेरच्यांचं सगळं सामान शुक्रवारी १३ तारखेला दुपारी १२ च्या आत हलवायचं आहे. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस, हाफ डे. मुलं गेली की वरच्या मजल्याला कुलूप, ते थेट ऑगस्टअखेर उघडणार.

आपलं कपाट २०७ मध्ये आहे. आत बालभारतीची पुस्तकं, अक्षरांची कार्डं, मागच्या परीक्षांचे गठ्ठे, ४० लेझमी, दोन ढोलक्या आणि गणपतीच्या मखराच्या पट्ट्या. ठेवायला जागा, एक मोठी गाडी आणि चार जणांचे हात हवे आहेत. कृपया "बघू" असं कळवू नका, हो किंवा नाही कळवा.

माई

---

प्रेषक: नाना (खजिनदार)
रविवार, १ जून, रात्री १०.१५

माई, स्टोरेज युनिट घ्यायचं असेल तर आत्ताच सांगतो, यंदाच्या हिशेबात ते बसत नाही. संक्रांतीच्या हॉलच्या खर्चाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवारऐवजी रविवार १५ तारीख मागून बघा ना. दोन दिवसांनी त्यांचं काय अडणार आहे?

नाना

---

प्रेषक: सचिव
सोमवार, २ जून, सकाळी ७.०५

> रविवार १५ तारीख मागून बघा ना

नाना, १५ ला फादर्स डे आहे, आपलेच लोक येणार नाहीत. शिवाय शुक्रवारनंतर कस्टोडियन (शाळेची देखभाल करणारा) फक्त सोमवार ते शुक्रवार येतो. त्या माणसाला रविवारी बोलावणं मला बरोबर वाटत नाही.

रविवार ८ ला पेंटेकॉस्ट हा चर्चचा सण आहे. दुपारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गर्दी असेल, १ वाजेपर्यंत पार्किंग मिळणार नाही, पण त्यानंतर आपल्याला खोली मोकळी आहे. गुरुवारी १२ ला संध्याकाळी आठवीचा ग्रॅज्युएशन मिस्सा आणि खाली रिसेप्शन, त्या दिवशी जिन्यावर खोकी नकोत. म्हणजे राहिले रविवार ८ दुपारी १ नंतर आणि बुधवार ११ दुपारी ३ ते ६.

चर्चच्या तळघरात एक कोपरा मिळतो का विचारू?

---

प्रेषक: बापू
सोमवार, २ जून, सकाळी ८.३०

तळघर नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाचं पाणी शिरलं तेव्हा मी, नाना आणि शेजारच्या वहिनी गुडघाभर पाण्यात उभे होतो. पुस्तकांची चार खोकी वाहत्या पाण्यातून काढली आणि तीन आठवड्यांत बुरशी लागून टाकून द्यावी लागली. त्यात पहिल्या वर्षीच्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या वह्या होत्या. त्या आता परत मिळणार नाहीत. त्यानंतरच आपण वरच्या मजल्याची जागा मागितली.

दुसरं, कपाट कोणी जिन्यावरून ओढू नये. ते ३६ इंच रुंद आणि ७२ इंच उंच आहे, आणि जिन्याचं वळण अरुंद आहे. आम्ही ते सुटं आणून खोलीत जोडलं होतं. काढायचं तर बोल्ट खोलूनच काढावं लागेल. सात-सोळांश इंची पाना माझ्याकडे आहे. कपाट मंडळाच्या पैशाने घेतलंय, तेव्हा ते कुठे जाणार हे समितीने ठरवावं, ईमेलवर नव्हे.

बापू

---

प्रेषक: आठवीतल्या मुलीची आई
सोमवार, २ जून, दुपारी १२.४५

नमस्कार. कपाटाचे चार ईमेल वाचले. त्या खोलीच्या शाळेत या दोन आठवड्यांत काय चाललंय तेही लिहावंसं वाटलं.

आठवीत यंदा ११ मुलं आहेत, त्यातली दोन आपली. माझी मुलगी तिथे प्री-केपासून (बालवाडीच्या आधीच्या वर्गापासून) आहे. दर इयत्तेला एकच वर्ग, त्यामुळे ही ११ जणं दहा वर्षं एकमेकांच्या बाजूला बसली आहेत. सप्टेंबरमध्ये ती पाच वेगवेगळ्या हायस्कूलमध्ये जातील. घरी रोज रात्री रडू येतंय, तिला आणि मलाही.

मे महिन्यात मरियेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट चढवायचा सोहळा झाला. दुसरीतली मुलं पहिल्या कम्युनियनच्या (परमप्रसाद घेण्याच्या) पांढऱ्या कपड्यांत ओळीने आली, आठवीतल्या एकीने मुकुट चढवला. ८ मे तर मुलं जन्मभर विसरणार नाहीत. दुपारी १२ वाजून गेल्यावर रोममध्ये नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला, आपल्याकडे जेवणाची सुट्टी होती. सगळी शाळा कॅफेटेरियात पडद्यासमोर बसली. तासाभराने नाव जाहीर झालं, आणि नवे पोप शिकागोच्या दक्षिण टोकाच्या एका पॅरिश शाळेत आठवीपर्यंत शिकलेत हे कळलं तेव्हा पहिलीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "म्हणजे आपल्यासारख्याच शाळेत!" गणिताच्या सरांना आनंद वेगळाच, कारण पोप लिओंची पदवी गणिताची.

आता मंगळवारी १० तारखेला फील्ड डे (मैदानी खेळांचा दिवस). पाण्याच्या टेबलावर दोन आणि दोरीखेचीला दोन माणसं कमी आहेत. आठवीची मुलं बालवाडीतल्या आपापल्या छोट्या जोडीदाराला घेऊन फिरतात. गुरुवारी ७ वाजता मिस्सा. माझ्या मुलीला मिस्सा सुरू होण्याआधी स्वागताचे चार शब्द बोलायचे आहेत. शुक्रवारी सकाळी आठवीची मुलं शेवटची कॉरिडॉरमधून चालत जातात आणि बाकीची शाळा दोन्ही बाजूंना उभी राहून टाळ्या वाजवते. त्याच सकाळी आपण तिथे खोकी ओढत असू नये एवढीच माझी विनंती.

मंडळाचे लोक गुरुवारी आले तर आम्हाला फार बरं वाटेल. (बसचं कोणाला माहीत आहे का? पुढच्या वर्षी धाकट्यासाठी फॉर्म भरायचा राहिलाय.)

---

प्रेषक: दादा
सोमवार, २ जून, दुपारी १.१०

> बसचं कोणाला माहीत आहे का?

बी-सिक्स-टी फॉर्म. न्यू जर्सीत घर आणि शाळेत २ मैलांपेक्षा जास्त अंतर असेल (आठवीपर्यंत) आणि शाळा २० मैलांच्या आत असेल तर पब्लिक डिस्ट्रिक्टने (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्यांनी) बस द्यायची किंवा त्याऐवजी पालकांना पैसे द्यायचे. फॉर्म शाळेच्या ऑफिसात १० मार्चपर्यंत द्यायचा असतो. उशीर झाला तरी आजच देऊन ठेवा. यंदाच्या पैशांसाठी मेमध्ये सही करायची असते, ती राहिली असेल तर आधी ती करा. दोन वर्षांपूर्वी माझी राहिली होती, पैसे हातचे गेले.

---

प्रेषक: नाना
सोमवार, २ जून, रात्री ९.२०

ताई, अभिनंदन. मुलगी इतकीशी होती तेव्हा गणपतीत झोपून जायची, ती आठवी पास होतेय.

मनापासून विचारतो, कोणी गैरसमज करू नये. आपण मंडळ म्हणून मिस्साला जायचं का? काहींना वाटेल की आपण सांस्कृतिक मंडळ, धार्मिक कार्यक्रमाला मंडळ म्हणून का? आणि गेलो तर तिथे काय करायचं? मागच्या वेळी एका मित्राच्या मुलाच्या कार्यक्रमाला गेलो, सगळे ओळीने पुढे निघाले, मीही निघालो, आणि पुढे जाऊन काय करायचं ते कळेना. फार अवघडल्यासारखं झालं.

गॅरेजमध्ये माझ्याकडे जागा आहे. कोरडं आहे. कपाट नाही, खोकी.

---

प्रेषक: वसईच्या आक्का
मंगळवार, ३ जून, सकाळी ६.५०

नाना, चांगलं विचारलंत. मी वसईची कॅथलिक, आणि या देशात २२ वर्षं पॅरिश शाळेत चौथीला शिकवलं, म्हणून सांगते.

वाचन चालू असेल तेव्हा बसायचं. लोक उठले की उठायचं. गुडघे टेकायची गरज नाही, शांत बसलात तरी चालतं. कम्युनियनच्या वेळी ओळ पुढे जाते तेव्हा आपण जागेवरच बसायचं, पुढच्याला जायला वाट द्यायची. बऱ्याच पॅरिशमध्ये हात छातीवर आडवे ठेवून पुढे गेलं तर फादर आशीर्वाद देतात. पण परमप्रसाद घ्यायचा नाही, तो कॅथलिकांसाठीच आहे. यात कोणाचा अपमान नाही. माझ्या लग्नात माझ्या कोकणस्थ मैत्रिणी पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांना हे सगळं माझ्या आईने असंच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"मंडळ म्हणून जायचं का" याचं उत्तर मला सोपं वाटतं. आठ वर्षं आपण त्यांच्या बाकांवर बसून मराठी शिकवतो. मुलांची चित्रं भिंतीवर, फळ्याच्या कोपऱ्यात "पुसू नका" लिहिलेलं, आणि आपण दर रविवारी ते जपतो. ज्या घरात आपण पाहुणे आहोत त्या घरच्या लेकरांचा निरोप समारंभ आहे.

अशा शाळा किती उरल्यात तेही मंडळींना माहीत असावं. १८८४ साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि ठरलं की प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा काढायची. १९६५ च्या सुमारास या देशातल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती. आज २० लाखांहूनही कमी आहेत. पूर्वी सिस्टर शिकवायच्या, त्यांना पगार नावालाच. आता जवळजवळ सगळे शिक्षक संसारी माणसं आहेत, त्यांना पगार द्यावा लागतो, आणि तो फीमधून आणि रविवारच्या दानातून निघतो. मी शिकवत होते ती शाळा बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी मीच चौथीच्या वर्गातला क्रूस भिंतीवरून उतरवला. खिळ्याची जागा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून ११ मुलांच्या ग्रॅज्युएशनला बाक भरलेले दिसले पाहिजेत असं मला वाटतं.

फील्ड डेला पाण्याच्या टेबलावर मी उभी राहीन. उन्हात दोरीखेच मला जमणार नाही, ती तरुणांनी घ्यावी.

आक्का

---

प्रेषक: बापू
मंगळवार, ३ जून, सकाळी ९.००

आक्का, क्रूसाचं वाचून वाईट वाटलं. मिस्साला मी येतो.

पण कपाटाचा निर्णय अजून झालेला नाही. नानांनी खोकी म्हटलं, कपाट नाही. मग कपाट कुठे?

---

प्रेषक: माई
रविवार, ८ जून, संध्याकाळी ५.२५

मंडळी,

आज सात जण आलो होतो, सगळ्यांचे आभार. कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तिसरीची गणिताची १६ पुस्तकं निघाली, प्रत्येकावर डिस्ट्रिक्टचा शिक्का. ही पुस्तकं पॅरिश शाळेचीही नाहीत, पब्लिक डिस्ट्रिक्टने उसनी दिलेली असतात आणि वर्षअखेर ती मोजून घेतात. तिसरीच्या बाई आठवडाभर ती शोधत होत्या. वर्गात जागा नसते म्हणून त्यांनी आपला खालचा कप्पा वापरला होता, आणि आपण कधी वाकून पाहिलंच नाही. मी लगेच फोन केला. बाईंचा आवाज इतका हलका झाला की मलाच भरून आलं.

तर कपाटाचं. कस्टोडियन भेटले. त्यांचं म्हणणं, कपाट रिकामं असेल तर खोलायची गरज नाही. त्याच मजल्यावरच्या मधल्या हॉलमध्ये ते स्वतः सरकवतील, तिथे वॅक्स करायचं नाही, आणि ऑगस्टमध्ये परत आणतील. बापू, प्रिन्सिपल बाई म्हणाल्या की मोबदला एकच, खालचा कप्पा तिसरीच्या बाईंना रीतसर द्या. मी हो म्हणाले. समितीला विचारलं नाही, ते मान्य करते, पण आठ वर्षांत त्यांनी आपल्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

१४ खोकी झाली. ११ नानांकडे गेली. मखराच्या पट्ट्या आणि ढोलक्या बुधवारी नेऊ.

लेझमी अजून तिथेच आहेत. ताईंच्या मुलीने फील्ड डेसाठी मागितल्यात. तिला आणि तिच्या बालवाडीतल्या जोडीदाराला करून दाखवायचंय. ४० आहेत, शाळेला पुरतील का बघू.

---

प्रेषक: बापू
रविवार, ८ जून, संध्याकाळी ६.१०

कप्पा द्यायला हरकत नाही. कागदावर तारीख टाकून सही घ्या, म्हणजे पुढच्या समितीला कळेल.

लेझमींबद्दल: बालवाडीच्या मुलांना हलक्या द्या. लाल दोरा बांधलेल्या आठ हलक्या आहेत. बाकीच्यांच्या साखळ्यांत बोट अडकतं. मी मंगळवारी ९ वाजता येतो आणि वाटप करतो, कोणी परस्पर वाटू नये. मोजून परतही मीच घेईन.

---

प्रेषक: आठवीतल्या मुलीची आई
रविवार, ८ जून, संध्याकाळी ६.३०

बापू, तिने विचारलंय की तुम्ही लेझमीची चार पावली शिकवाल का. तिला फक्त दोन येतात. सरावाला सोमवारी ४ वाजता शाळेच्या मागच्या मैदानावर यायला जमेल?

---

प्रेषक: बापू
रविवार, ८ जून, संध्याकाळी ६.४०

येतो. ढोलकीही लागेल. माई, एक ढोलकी खोक्यात भरू नका.

---

प्रेषक: सचिव
सोमवार, ९ जून, सकाळी ७.००

गुरुवारच्या रिसेप्शनला किती जण येणार तो आकडा शाळेला आज द्यायचाय. आत्तापर्यंत: आक्का, बापू, नाना आणि वहिनी, माई, दादाकडचे चार, मी. बाकीच्यांनी दुपारी २ पर्यंत कळवा. ७ ला सुरू होतं, ६.४५ ला बाकांवर असावं, कारण स्वागत मिस्साच्या आधी आहे.