मदत हवी आहे: जोरदार बर्फात हेडलाइट असून नसल्यासारखे

लिमलेट
काल इथे कॅनडात व्हॉनहून बॅरीला घरी येताना हायवे ४०० वर जीव मुठीत धरून गाडी चालवली. जॉर्जियन बेकडून स्नो स्क्वॉल, म्हणजे अचानक येणारं बर्फाचं वादळ, आलं आणि पाऊण तासाच्या वाटेला अडीच तास लागले. हाय बीम लावला की समोर नुसती पांढरी भिंत. लो बीमवर थोडं दिसायचं, पण तेही हळूहळू मंद होत गेलं. त्याआधी एक ट्रक मागून इतका जवळ आला की त्याचा हॉर्न अजून कानात आहे. उद्या परत तोच रस्ता, तीच वेळ. कुठले दिवे बसवू? कृपया लवकर सांगा.

हिमगौरी_
गाडी कुठल्या सालची? दिवे एलईडी की हॅलोजन? फॉग लाइट आहेत का?

नारळीभात
आधी सांगा, विंटर टायर घातलेत का? पारा ७ अंशांखाली गेला की ऑल सीझनचं रबर कडक होतं. दिवे कितीही लावा, गाडी थांबली नाही तर काय उपयोग?

लिमलेट
टायर नोव्हेंबरातच बदललेत हो. प्रश्न दिव्यांचा आहे. फॉग नाहीत.

पिवळा_दिवा
मग पिवळे फॉग लाइट बसवून टाका, विषय संपला. एडमंटनला अकरा हिवाळे काढलेत. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच असायचे, ते काय उगाच?

सांख्य
असहमत. बर्फाचा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हजारो पटींनी मोठा असतो, त्यामुळे पिवळा काय नि पांढरा काय, सारखाच उधळतो. फरक पडतो तो दिव्याच्या जागेमुळे. फॉग लाइट खाली असतो, नजरेच्या रेषेपासून लांब, आणि त्याचा झोत वर जात नाही. म्हणून डोळ्यांवर कमी प्रकाश परत येतो. हाय बीमचं नेमकं उलटं.

पिवळा_दिवा
तरंगलांबी राहू द्या. तीन तास चालवल्यावर डोळे कमी शिणतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

सांख्य
डोळ्यांना सौम्य वाटत असेल, ते मान्य. पण त्याने जास्त लांबचं दिसत नाही.

कोथरूडकर
अवांतर: जानेवारीत पुण्याहून गाडीने मनालीला जातोय, अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत. फॉग लाइट लावून घेऊ का?

नारळीभात
@कोथरूडकर, चाकांना साखळ्या घ्या आणि काचेच्या पाण्यात न गोठणारं द्रावण घाला. साधं पाणी नळीतच गोठेल.

चिंचगूळ
आमच्याकडे घाटात धुकं असलं की सगळे हॅझर्ड लावून चालवतात. तेच करा ना.

हिमगौरी_
नको! हॅझर्ड म्हणजे गाडी थांबलीय किंवा अडचणीत आहे. ते चालू असताना बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर कळतच नाही. लिमलेट, तुम्ही अजून एलईडी की हॅलोजन ते सांगितलं नाहीत. आणि ट्रक मागे आला तेव्हा किती वाजले होते? दिव्यांचा स्विच कुठे होता?

लिमलेट
२०१९ ची गाडी, एलईडी. स्विच कायम ऑटोवर असतो. ट्रकचं म्हणाल तर सव्वाचार झाले असतील, उजेड होता.

हिमगौरी_
मग अडचणी दोन आहेत, आणि नव्या दिव्यांनी एकही सुटणार नाही.

ऑटोचा सेन्सर फक्त उजेड मोजतो. बर्फात दिवसा सगळं पांढरं, म्हणून त्याला हेडलाइटची गरज वाटत नाही. पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे दिवे) चालू, त्यामुळे तुम्हाला वाटतं दिवे लागलेत, पण मागचे बंद! २०२१ च्या सप्टेंबरनंतर बनलेल्या गाड्यांना कॅनडात वेगळा नियम आहे, तुमची त्याआधीची. ओंटारियोत १५० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर दिवसाही हेडलाइट लावणं कायद्याने बंधनकारक आहे. स्विच हाताने फिरवा.

दुसरं, हॅलोजनचा ५५ वॅटचा दिवा काच तापवतो, बर्फ वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघून जाते, पुढची काच थंडच राहते. म्हणून तुमचा झोत मंद होत गेला.

राइनकाठ
जर्मनीत मागे एक भडक लाल फॉग लाइट असतो. पण तो फक्त धुक्यात आणि तेही ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तरच लावायचा, बर्फासाठी परवानगी नाही. तुमच्या गाडीत आहे का बघा.

लिमलेट
नाहीये. पण आत्ता गॅरेजमध्ये बघितलं. गॅरेजचे दिवे लावले, गाडी ऑटोवर ठेवली, मागे रिसायकलिंगच्या डब्याला फोन टेकवून व्हिडिओ घेतला. पुढे लख्ख, मागे ठार अंधार. मुलगी रोज मागच्या सीटवर असते. अंगावर काटा आला.

पिवळा_दिवा
हे मलाही माहीत नव्हतं. माझी २०१७ ची आहे, आज रात्रीच बघतो. काचेला कार मेणाचा हात मारा, बर्फ लवकर निसटतो.

लिमलेट
दुसऱ्या दिवशीचं कळवतो. निघतानाच स्विच फिरवला, टपावरचा बर्फही झाडला. वाटेत ऑनरूटला, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, थांबलो, तर दोन्ही हेडलाइटवर भाताच्या खरवडीसारखा बोटभर थर! मेण लावलं होतं, तरी नखाने कड उचलावी लागली. मग मात्र पापुद्रा अख्खा निघाला. पुढे निळे दिवे लुकलुकवत बर्फ हटवणारा स्नोप्लाउ चालला होता. ओव्हरटेक न करता त्याच्या बऱ्याच मागून ताशी ४० ने आलो. हिमगौरीताई, मनापासून आभार.

कोथरूडकर
माझ्या फॉग लाइटचं कुणी सांगेल का?