इंदूर: ३०-३५ हजारांत ग्राफिक्स कार्ड, जुना एसएमपीएस चालेल का?

राऊ_१४४ : नमस्कार मंडळी. पीसी असा आहे: प्रोसेसर आय५-१०४००, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम पट्टी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, वर ४५० वॅट छापलंय. व्हॅलोरंट खेळतो, आता सायबरपंक २०७७ नीट चालवायचाय. बजेट ३० हजार, ओढूनताणून ३५. सिल्व्हर मॉलमध्ये दोन पर्याय मिळाले: वापरलेलं आरएक्स ५८०, ८ जीबी, किंवा नवं आरटीएक्स ५०६०, तेही ८ जीबीच. मग जास्त पैसे कशाचे? आणि एसएमपीएस बदलावा लागेल का?

बारा_व्होल्ट : एसएमपीएस बदलाच, आणि त्याचे पैसे कार्डाच्या आधी बाजूला काढा. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवतं, म्हणून तुमच्या एसएमपीएसवर खरा भार आजवर आलेलाच नाही. ५०६० ला १४५ वॅट लागतात, १०४०० प्रोसेसर टर्बोत (वाढीव वेगात) गेला की १३० च्या आसपास, वर पंखे आणि ड्राइव्ह. म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३१० वॅट, २६ अँपिअर.

कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं लेबल वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असतील तर तो १२ व्होल्टवर २१६ वॅटचाच, वर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असो. १२ व्होल्टचे दोन रकाने दिसले तर बेरीज करू नका, खाली एकत्रित वॅटचा आकडा असतो तो धरा.

भार पेलला नाही की खेळ रंगात आलेला असताना पीसी फट्कन बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. लोक मग ड्रायव्हर बदलत बसतात. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या जोडावरून) कार्डासाठी ८ पिन काढून देणारं कन्व्हर्टर कोणी दिलं तर घेऊ नका: ८ पिनचा जोड १५० वॅटसाठी असतो, मोलेक्सच्या पिना तेवढ्या सततच्या प्रवाहाने तापतात आणि प्लास्टिक वितळतं. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), स्वतःची ६+२ पिनची केबल असलेला घ्या.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो बहुधा ३६० वॅटचाच असतो. मॉनिटरही त्यावरच असेल तर खेळ चालू असताना लाइट गेल्यावर तो लगेच हात टेकू शकतो.

टेक्सचर_हाय : "दोन्ही ८ जीबीच" हे बोलणं गिऱ्हाइकाला फसवतं. जीबी म्हणजे फक्त जागा. वेग चिपचा आणि मेमरीचा: ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ जीबी हलवते, ५०६० ची ४४८. शिवाय ५८० मध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवण्याचं) हार्डवेअरच नाही, त्यामुळे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' त्यावर सुरूच होत नाही. असे खेळ वाढत जाणार.

पण तुमच्या बोर्डाचा एक मुद्दा आहे. एच४१० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे आणि ५०६० फक्त ८ लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं. म्हणजे कार्ड आणि रॅम यांच्यात सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता. सगळं टेक्सचर (खेळातल्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या ८ जीबीत मावतंय तोवर फरक नगण्य. मावलं नाही की उरलेलं रॅममध्ये जातं आणि ४४८ च्या जागी त्या ८ च्या रस्त्याने येतं. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बरा दिसतो, पण वळण घेतलं की चित्र अडखळतं. म्हणून सायबरपंकमध्ये १०८०पी, रे ट्रेसिंग बंद, टेक्सचर एक पायरी खाली ठेवा. ५०६० वर उत्तम चालेल.

कार्ड पाच वर्षं ठेवायचं असेल तर मात्र माझं मत वेगळं: थोडं थांबून पैसे जमवा आणि आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या. जागा दुप्पट आणि लेन पूर्ण १६. खोक्यावर १६ नीट वाचा, त्याच नावाने ८ जीबीचंही विकतात.

जुनं_सोनं : ५८० घ्यायचंच झालं तर दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. शेडर (चिपमधली गणना करणारी एककं) २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते खालच्या दर्जाचं २०४८एसपी. १५-२० मिनिटं भार देऊन पंख्यांचा आवाज ऐका. मी तरी घेणार नाही.

त्यापेक्षा आधी रॅमची दुसरी पट्टी टाका, तशीच ८ जीबी. सायबरपंकला आता किमान १२ जीबी लागते, आणि एकच पट्टी असली की ड्युअल चॅनल (दोन पट्ट्यांचा एकत्र वेग) मिळत नाही. व्हॅलोरंटमध्ये नव्या कार्डापेक्षा हा फरक जास्त जाणवेल, तो खेळ मुख्यतः प्रोसेसरच्या जोरावर चालतो.

राऊ_१४४ : आभारी आहे. एसएमपीएस, रॅम आणि ५०६० असं ठरवतोय. मे महिन्यात खोलीत एसी नाही, कार्ड तापेल का? आणि बसवताना काय बघू?

बारा_व्होल्ट : खोली १० अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्के करा, एफपीएस थोडेच कमी होतात. कॅबिनेटला पुढून हवा ओढणारा निदान एक पंखा हवा.

खरेदीआधी कॅबिनेटमधली जागा टेपने मोजा, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. बोर्डाचं बायोस अद्ययावत करा आणि त्यातलं सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद ठेवा. पण विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्क आधी जीपीटीत (विभागणीच्या नव्या पद्धतीत) बदला, नाहीतर पीसी सुरूच होणार नाही. काही बोर्डांवर ५०६० रीबूटनंतर काळी स्क्रीन दाखवतं, त्यासाठी एनव्हिडियाचं फर्मवेअर अपडेट आहे. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, कार्डात लावा, शक्यतो डिस्प्लेपोर्ट. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडा. पुष्कळदा ते ६० वरच राहिलेलं असतं.