पैजांवरील कर आणि घोड्यांचा सांभाळ

पैजांवरील कराचा वाटा घोड्यांच्या शर्यतींना देणे म्हणजे जुगाराला सरकारी आश्रय, हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला तो पटत नाही. ब्रिटनमध्ये १९६१च्या कायद्याने सट्टेवाल्यांकडून स्वतंत्र वर्गणी घेण्याची व्यवस्था झाली. आज त्यांच्या पाच लाख पौंडांपुढील ढोबळ नफ्याच्या १० टक्के रक्कम बक्षिसे, घोड्यांची पैदास आणि पशुवैद्यकीय संशोधन यांकडे वळते. आम्हा नाशिककरांना ही कल्पना परकी वाटू नये, कारण लासलगावला कांदा खरेदीवर व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बाजार शुल्कातूनच बाजार समितीचा कारभार चालतो. आपल्याकडे मात्र, नफ्यावर नव्हे तर पैजेच्या संपूर्ण रकमेवर, आधी २८ टक्के वस्तू व सेवा कर लागत होता आणि सप्टेंबर २०२५पासून तो तब्बल ४० टक्के लागतो, आणि त्यातला कोणताही हिस्सा शर्यतींसाठी राखून ठेवलेला नाही. एवढ्या करामुळे खेळणारा चोरट्या सट्ट्याकडे वळला, तर सरकारलाही काही मिळत नाही. वाटा मिळालाच, तर त्यावर पहिला हक्क मालकांच्या बक्षिसांचा नसावा. तो पहाटेपासून तबेल्यात राबणाऱ्या मोतद्दारांचा आणि शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांचा असावा, असे मला मनापासून वाटते.