ग्राहकांच्या तक्रारी सोशल मीडियावर सोडवणे कंपन्यांनी बंद करावे का?

तिकीटक्रमांक (धागाकर्ता)

माझे मत: बंद करावे. कंपनीने सोशल मीडियावर तीनच कामे करावीत. सेवा बंद पडली तर सूचना द्यावी, तक्रार कुठे नोंदवायची त्याचा दुवा द्यावा आणि आपल्या नावाच्या खोट्या खात्यांबद्दल सावध करावे. एकेका ग्राहकाची तक्रार तिथे सोडवू नये.

जाहीर पोस्ट टाकल्यावर आत काय घडते ते पाहा. सोशल टीमला (कंपनीचे सोशल मीडिया सांभाळणाऱ्यांना) पोस्ट दिसते, ती "डीएम करा", म्हणजे खासगी संदेश पाठवा, म्हणते. डीएममध्ये ऑर्डर क्रमांक आणि नोंदवलेला ईमेल विचारते. मग तिकीट, म्हणजे तक्रारीची क्रमांक दिलेली नोंद, उघडते आणि ते जाते त्याच विभागाकडे, जिथे ईमेलने आलेली तिकिटे आधीच पडून आहेत. पैसे परत करायचा अधिकार सोशल टीमला बहुधा नसतोच. म्हणजे एक टप्पा वाढला, आणि मिळाले काय? फक्त अग्रक्रम. निकाली काढणारी माणसे तेवढीच. जाहीर तक्रारीला एक तास आणि ईमेलला ४८ तास अशी मुदत ठेवली, की ईमेल करणारा मागे ढकलला जातो. ओरडल्याशिवाय काम होत नाही हे ग्राहकाला कंपनीच शिकवते आणि मग आरडाओरडा वाढला म्हणून सोशल टीम मोठी करते.

२००८ मध्ये कॉमकास्ट या अमेरिकी केबल कंपनीच्या फ्रँक एलियासन यांनी ट्विटरवर ग्राहकांना शोधून उत्तरे द्यायला सुरुवात केली, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. तेव्हा ट्विटरवर माणसेच कमी होती, त्यामुळे छोट्या टीमला ते पेलले. तोच नमुना आज जसाच्या तसा वापरणे चूक आहे.

दुसरे नुकसान मला जास्त मोठे वाटते. डीएममध्ये दिलेले उत्तर एकाच माणसाला दिसते. तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात दुसरा विचारतो आणि एजंट (उत्तरे देणारा कर्मचारी) तेच पुन्हा टाइप करतो.

---

उलटबाजू

पूर्ण असहमत. तुम्ही ईमेल-तिकिटांच्या ज्या रांगेची बाजू घेताय ती रांग कंपनीच्या सोयीने चालते. "तुमची तक्रार मिळाली" हे यंत्राने धाडलेले उत्तरच बऱ्याच ठिकाणी पहिला प्रतिसाद म्हणून मोजतात, म्हणजे मुदत पाळल्याचे कागदावर दिसते. एजंट तिकिटावर "सुटले" अशी खूण करतो. ग्राहकाने ठरावीक तासांत उत्तर दिले नाही तर ते आपोआप बंद होते. त्याने नंतर लिहिले तर नवे तिकीट, नवा एजंट, पहिल्यापासून कहाणी. या सगळ्यात तक्रार सुटली की नाही हे ठरवणारी बाजू एकच आहे. जाहीर पोस्ट मात्र कंपनीला बंद करता येत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये वडिलांचे सामान हरवल्याच्या तक्रारीसाठी एका माणसाने ब्रिटिश एअरवेजविरुद्ध चक्क पैसे भरून ट्विटची जाहिरात केली. उत्तर यायला काही तास लागले आणि त्यात सांगितले होते, की आमचे खाते सकाळी ९ ते संध्याकाळी ५ याच वेळेत चालते. विमाने रात्रंदिवस उडतात हे जगाने तेव्हा त्या कंपनीला सांगितले. खासगी तिकिटाने हे कधीही उघड झाले नसते.

शिवाय बिघाड लवकर कळतो. लॉगिन होत नाही असे दहा जण दहा मिनिटांत लिहितात तेव्हा ते एकाखाली एक दिसते. तिकिटांमध्ये तीच तक्रार एक एजंट "पासवर्ड" या वर्गात टाकतो, दुसरा "ॲप" मध्ये, तिसरा "इतर" मध्ये. अहवालात ती एकत्र येईपर्यंत दिवस जातात.

---

रात्रपाळी

दोघेही "बंद की चालू" यावर अडलात. बिघडते ते सोशल मीडिया आणि तिकिटे यांच्या जोडणीत, आणि तिथे नेमके बोलता येते.

व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मोकळेपणाने लिहिता येते. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या साच्याचा, संदेश जातो. मेसेंजरवरही २४ तासांचीच खिडकी आहे. माणूस उत्तर देत असेल तर वेगळ्या परवानगीने ती ७ दिवसांपर्यंत वाढते. आता समजा परताव्याचे प्रकरण लेखा विभागाकडे गेले आणि तीन दिवसांनी निर्णय आला. उत्तर तयार आहे, पण पाठवता येत नाही, आणि ग्राहकाला वाटते कंपनीने दुर्लक्ष केले. उपाय दोन. पहिल्याच संवादात ईमेल आणि तिकीट क्रमांक यांची देवाणघेवाण करायची. शिवाय "तुमच्या तक्रारीवर निर्णय झाला आहे, पुढे बोलण्यासाठी उत्तर द्या" असा टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवायचा. ऐन वेळी मंजुरीला पाठवला तर प्रतीक्षा आलीच.

दुसरी गडबड दुहेरी तिकिटांची. एकच माणूस फोन करतो, ईमेल लिहितो आणि पोस्टही टाकतो. तीन तिकिटे, तीन एजंट, आणि दोन वेळा परतावा. फोन आणि ईमेल ग्राहकाच्या नोंदीशी जुळतात, सोशल मीडियावरचे नाव जुळत नाही. म्हणून ओळख पटली की ते नाव त्याच वेळी नोंदीत चढवायचे आणि तिकिटे एकत्र करायची.

आणि सर्वांत जास्त राहून जाणारा टप्पा: डीएममध्ये प्रश्न सुटल्यावर मूळ जाहीर पोस्टखाली परत येऊन, ग्राहकाचा तपशील न उघडता, काय झाले ते एका ओळीत लिहायचे. नाहीतर वाचणाऱ्याला दिसते ते फक्त "डीएम करा".

---

तिकीटक्रमांक

@उलटबाजू, पोस्ट बंद करता येत नाही हे सगळीकडे खरे नाही. फेसबुकवर पानाच्या चालकाने कमेंट लपवली तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, इतरांना नाही. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शिवाय कुठली पोस्ट किती जणांपुढे न्यायची ते फीडची यंत्रणा ठरवते. ज्याचे अनुयायी मोजके आहेत त्याची तक्रार जाहीर असूनही कुणी पाहत नाही. मग न्याय मिळतो तो ओळखीच्या चेहऱ्यांना. कित्येक सोशल टीमच्या साधनांत तक्रारदाराच्या अनुयायांची संख्या शेजारीच दिसते, आणि दिसली की तिचा परिणाम होतोच.

आपोआप तिकीट बंद होण्याबद्दल तुमचा आक्षेप मान्य. पण तो मोजमापाचा दोष आहे. किती तिकिटे पुन्हा उघडली ते मोजा आणि एजंटचे मूल्यमापन त्यावर करा.

---

कुलूपकिल्ली

सुरक्षेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. जाहीर तक्रार म्हणजे फसवणाऱ्याला दिलेला पत्ता. काही ठरावीक शब्दांवर पाळत ठेवणारी स्वयंचलित खाती असतात. "वॉलेट उघडत नाही", "पैसे अडकले" असे लिहिले की खरी कंपनी जागी होण्याआधी तिच्या नावाचे, एखादे अक्षर किंवा खालची रेघ जास्त असलेले खाते उत्तर देते. मग फॉर्मचा दुवा येतो. त्यात क्रिप्टो वॉलेट परत मिळवण्याची शब्दमालिका किंवा ओटीपी मागतात, नाहीतर स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणारे ॲप घ्यायला लावतात. एवढे दिले की खाते रिकामे.

नाव तपासून मिळणारी निळी खूण हा एक आधार होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ट्विटरवर पैसे भरून मिळू लागली आणि काही दिवसांतच एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या खोट्या खात्याने इन्सुलिन मोफत असल्याचे जाहीर केले. खऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पद्धतीच्या खुणाही काढल्या गेल्या.

म्हणून ग्राहकाने उत्तरातल्या दुव्यावरून कंपनीकडे जाऊ नये. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडावे, तिथे दिलेल्या यादीतून खात्यावर जावे आणि संभाषण स्वतः सुरू करावे. ऑर्डर क्रमांक, फोन, बिलाचा फोटो जाहीर पोस्टमध्ये कधीही टाकू नये. ऑर्डर क्रमांक आणि नाव एवढ्यावरही फसवणारा "तुमच्या तक्रारीबद्दल बोलतोय" म्हणून पटण्यासारखा फोन करू शकतो. कंपन्यांनी अधिकृत खात्यांची यादी संकेतस्थळावर ठेवावी, दर आठवड्याला आपल्या नावाचा शोध घ्यावा आणि "आम्ही ओटीपी मागत नाही" हे पहिल्याच उत्तरात लिहावे.

यातून सोशल मीडियावरची मदत बंदच करावी असे मी म्हणणार नाही. अधिकृत खाते गप्प राहिले तर खोट्याला मैदान मोकळे मिळते.

---

वाचनखूण

धागाकर्त्याने उत्तर हरवण्याचा मुद्दा दोन ओळींत उरकला. माझ्या मते तोच गाभा आहे.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे ब्लॉग वाचण्याचे साधन बंद झाले. ब्लॉगचे नवे लेख एका जागी वाचण्याची सवय त्याआधीच ढासळू लागली होती, त्यानंतर आणखी ढासळली. कंपन्यांनीही ब्लॉग लिहिणे कमी करून तोच मजकूर पोस्ट म्हणून टाकायला सुरुवात केली. पोस्ट दिवसभरात खाली जाते. लेख शोधयंत्रातून वर्षानुवर्षे सापडतो. ३० जून २०२३ च्या सुमारास ट्विटरने लॉगिनशिवाय ट्विट दिसणे काही काळ बंद केले, तेव्हा ज्यांच्या सूचना फक्त तिथेच होत्या त्यांचे खाते नसलेले वाचक एका फटक्यात तुटले. याहू ग्रुप्स हे चर्चागट डिसेंबर २०२० मध्ये संपले, प्रश्नोत्तरांचे याहू आन्सर्स ४ मे २०२१ ला. आता कित्येक समुदाय डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गेलेत. तिथली चर्चा शोधयंत्राला दिसत नाही, म्हणून तोच प्रश्न रोज येतो आणि जाणकार सदस्य थकून निघून जातात.

तिकिटातून लेख कसा करावा? शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत हवे, आणि चुकीचा संदेश पडद्यावर जसा दिसतो तसाच, कारण माणूस तोच शोधात टाकतो. "प्रमाणीकरणातील अडचणी" या शीर्षकाचा लेख कुणालाही सापडत नाही. पहिल्या परिच्छेदात उपाय. त्यानंतर कोणत्या आवृत्तीला लागू, कधी तपासले, आणि उपाय चालला नाही तर पुढे काय. हे शेवटचे नसले की वाचक परत पोस्ट टाकायला जातो. एका लेखात एकच अडचण. लेखाचा वेब पत्ता बदलू नका. बदललाच तर जुन्यावरून नव्याकडे वळवा, नाहीतर आजवर एजंटांनी दिलेले सगळे दुवे मेले.

ग्राहकच एकमेकांना उत्तरे देतात अशा कंपनीच्या मंचावर, म्हणजे समुदायात, कर्मचाऱ्याने केव्हा बोलावे हेही नाजूक आहे. पाच मिनिटांत उत्तर दिले तर सदस्य उत्तरे देणे सोडतात आणि त्या जागेचे दुसरे तिकीटघर होते. आठवडाभर गप्प राहिले तर विचारणारा परत येत नाही. सदस्यांना काही तास द्यावेत, दिवस उलटायच्या आत मात्र कर्मचाऱ्याने उतरावे. परतावा, खाते, सुरक्षा यांवरच्या प्रश्नांना ही वाट पाहणे लागू नाही. त्यांना ताबडतोब तिकिटाकडे न्यावे.

---

उलटबाजू

@वाचनखूण, लेखाबद्दल सहमत, पण कंपनीचा स्वतःचा मंच हा ग्राहकाच्या तक्रारीचा पर्याय नव्हे. नियंत्रक तिचेच, धागा उडवणारी तीच, आणि खर्च कापायचा झाला की मंच बंद करून फुकट उत्तरे देणाऱ्यांची वर्षांची मेहनत पुसणारीही तीच. तक्रार कंपनीच्या ताब्याबाहेरच्या जागी राहिली पाहिजे.

---

वाचनखूण

मंचाला अटी घालता येतात. मजकुराचा परवाना खुला ठेवा आणि प्रत सार्वजनिक करा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे आणि त्याचा संच उतरवून घेता येतो. २०२३ मध्ये तो संच देणे थांबले तेव्हा सदस्यांनी जोरदार आक्षेप घेतला आणि तो पुन्हा सुरू झाला. परवाना नसता तर आक्षेपाला धार आली नसती. तक्रारीचा धागा उडवण्याबद्दल मात्र तुमचे बरोबर आहे, त्यावर परवान्याचा उपाय नाही.

---

रात्रपाळी

एक छोटी भर. सेवा बंद पडल्याचे पान मुख्य सेवेच्याच सर्व्हरवर ठेवू नका, दोन्ही एकत्र झोपतात. पुढची सूचना कधी येणार ती वेळ कालविभागासह लिहा आणि सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी त्या वेळेला लिहा. नाहीतर सगळा लोंढा डीएमकडे वळतो आणि अडलेल्या परताव्याची प्रकरणे त्यात गाडली जातात.

---

तिकीटक्रमांक

कुलूपकिल्लींच्या मुद्द्यानंतर मी "बंद करा" हे मागे घेतो. सुधारित मागणी अशी: खाते बोलते ठेवा, जाहीर उत्तरात फक्त अधिकृत दुवा आणि पुढच्या उत्तराची वेळ द्या, आणि तक्रार कुठूनही आली तरी मुदत एकच ठेवा. सोशल टीमच्या पडद्यावरून अनुयायांची संख्या काढून टाका.

---

उलटबाजू

मुदत एकच ठेवली हे बाहेरच्याला कळणार कसे? दर तिमाहीला ईमेल, फोन, सोशल मीडिया असे वेगवेगळे आकडे जाहीर करा: तक्रार सुटायला लागलेला मध्यक वेळ (निम्म्या तक्रारी ज्याच्या आत सुटल्या तो), आणि पुन्हा उघडलेली तिकिटे. सरासरी नको, फार रेंगाळलेली मोजकी तिकिटे ती वर ओढतात. आपोआप बंद झालेली तिकिटे "सुटली" मध्ये धरायची नाहीत, वेगळी दाखवायची. हे आकडे जी कंपनी देईल तिच्याकडे जाहीर पोस्ट न टाकता ईमेल करा असे मीच सांगेन. तोवर पोस्ट टाकणाऱ्याला मी अडवणार नाही.